इस्पितळांतलें मूल आणि घरचीं माणसें

गेल्या माघांत सिद्धेश्वरास जाण्याचा योग आला. हिंगोली जिल्ह्यांतील हें गांव पूर्णा नदीवरील धरणामुळें सर्वांस ठाऊक आहे. वर येलदरी आणि खालीं सिद्धेश्वर, अशी ही जोडी. औंढ्यास नागनाथाचें दर्शन घ्यावें आणि सवड असल्यास धरणही पाहून यावें, असा कित्येकांचा बेत असतो. आम्ही मात्र धरण पाहावयास गेलों नव्हतों. आमचे एक जुने स्नेही तेथें राहतात. त्यांचा चार वर्षांचा नातू पांच आठवडे नांदेडच्या एका इस्पितळांत काढून घरीं आला होता, त्याचा समाचार घ्यावयास गेलों होतों.

घडलें तें असें. सकाळच्या गडबडींत न्हाणीघरांत बादलीभर कढत पाणी काढून ठेवलेलें होतें आणि विसण आणावयास सूनबाई चार पावलें दूर गेल्या होत्या. तेवढ्यांत मूल झोपेंतून उठून आईस शोधीत आलें, बादलीच्या कांठास धरून ओणवलें आणि बादली अंगावर उलटली. पोट, उजवी मांडी व गुडघा भाजला. हळद लावा, दंतमंजन लावा, शाई ओता, असा एकच गिल्ला झाला. परंतु मुलाच्या काकानें कोणाचें न ऐकतां अंगावरचे कपडे काढले, भाजलेल्या भागावर नळाचें साधें पाणी वीस मिनिटें सोडलें, मग धुतलेल्या पंच्यांत गुंडाळून वर रजई घातली व १०८ क्रमांकाची गाडी बोलाविली. बर्फ लावला नाहीं, हेंही बरेंच केलें. इस्पितळांत डॉक्टरांनीं पहिली शाबासकी दिली ती या पाण्यासच. साठ अंश उष्णतेच्या पाण्यानें मोठ्या माणसाची कातडी सुमारें पांच सेकंदांत खोल भाजते. लहान मुलाची कातडी पातळ, तिला तेवढाही वेळ लागत नाहीं.

वसमतमार्गें नांदेडास पोंचेपर्यंत सर्वांचें चित्त मुलाकडे होतें. मूल वांचणार असें कळलें आणि मग घरच्यांना बोलावयास सवड झाली. पहिला प्रश्न आला तो सूनबाईंना: “तूं कोठें होतीस?” आत्याबाईंनीं विचारलें, मामांनीं विचारलें, शेजारणींनीं विचारलें, दूरध्वनीवरून पुण्यामुंबईच्या आप्तांनीं विचारलें. वाचकांपासून लपविण्यांत अर्थ नाहीं: दुसऱ्या आठवड्यांत आम्हीं नांदेडास जाऊन भेट घेतली, तेव्हां शब्द थोडे सौम्य करून आम्हींही तेंच विचारलें. त्या माउलीनें शंभराव्यांदा तीच हकीकत सांगितली आणि सांगतांना मुलाकडे पाहिलें नाहीं. जखमेची पट्टी बदलावयाच्या वेळीं त्या बाहेर निघून जात. घरच्यांनीं त्याचा अर्थ काढला कीं, पोरीचें काळीज कच्चें आहे. खरें पाहतां आपल्या हातून हें झालें, हा विचार रोज उठून डोळ्यांपुढें उभा राहत असल्यामुळें त्यांना तें बघवत नव्हतें. भाजलेल्या मुलांच्या आईबापांत ही अपराधाची जाणीव पुष्कळ आढळते आणि आईबाप जितके खचलेले, तितकें मुलाचेंही मन सांवरण्यास जड जातें, असें या विषयाचे अभ्यासक सांगतात. आईला टोंचून बोलणारें घर मुलाचेंच औषध काढून घेतें, हें त्या दिवशीं आमच्या ध्यानांत आलें नाहीं. मागाहून आलें.

मूल इस्पितळांत असतांना आईबाप जवळ असणें हें औषधच, ही गोष्ट पाश्चात्त्य वैद्यकासही उशिरां पटली. इंग्लंडांत एके काळीं आठवड्यांतून ठराविक तासच मुलास भेटूं देत. आई येऊन गेली कीं मूल अधिक रडतें, तेव्हां तिनें न आलेलेंच बरें, असा हिशेब. न्यूकॅसलच्या जेम्स स्पेन्स यांनीं आयांस मुलांजवळ राहूं दिलें, परंतु ते अपवाद. १९५२ सालीं जेम्स रॉबर्टसन यांनीं एक बोलपट दाखविला. त्यांत सुमारें अडीच वर्षांची एक मुलगी अंतर्गळाच्या लहानशा शस्त्रक्रियेसाठीं आठ दिवस इस्पितळांत राहते, एवढेंच आहे. ती फारशी रडत नाहीं. दिवसेंदिवस गप्प होत जाते आणि आईकडे पाहिनाशी होते. शांत मूल म्हणजे सुखी मूल नव्हे, हें त्या चित्रानें दाखविलें. कित्येक डॉक्टर प्रथम रागावले. परंतु १९५९ च्या प्लॅट समितीनें आईबापांस मोकळेपणानें येऊं द्यावें, अशीच शिफारस केली. आपल्याकडे नवजात अर्भकांच्या अतिदक्षता कक्षांचीं दारें आयांस बरींच वर्षें बंद असत. तेथेंही कुटुंबानें शुश्रूषेंत भाग घ्यावा अशीं मार्गदर्शक तत्त्वें केंद्र सरकारनें २०१७ सालीं काढलीं. एरवीं आमच्या इस्पितळांत खाटेजवळ माणूस नाहीं, अशी अडचण क्वचितच. माणसें उदंड असतात. कोणी बसावें आणि बसून काय करावें, याचाच विचार झालेला नसतो.

या मुलाचेंच पाहा. पहिले आठ दिवस त्यास ‘आज कांहीं दुखणार नाहीं हं’ असें सांगून पट्टीसाठीं नेत. दुखे अर्थात् भरपूर. तिसऱ्या दिवसापासून तें पांढरा झगा दिसतांच किंचाळूं लागलें आणि वडिलांनीं ‘पाणी पी’ म्हटलें तरी संशयानें पाही. पुढें मांडीवर कातडी बसविली, ती डाव्या पायाची काढून. शुद्धीवर आल्यावर चांगला पायही बांधलेला पाहून तें संतापलें. त्यास कोणी आधीं सांगितलेंच नव्हतें. शिवाय कातडी काढलेली जागा पुष्कळदां मूळ जखमेहून अधिक चुणचुणते. एका वयस्क परिचारिकेनें वडिलांस बाजूस घेऊन सांगितलें, “खोटें बोलूं नका. दुखेल म्हणा, किती वेळ तें सांगा, आणि एखादी गोष्ट त्याच्या हातीं ठेवा.” तेव्हांपासून वडील म्हणूं लागले, “दुखेल. मी दहापर्यंत मोजीन, मग आपण थांबूं.” आणि दहास खरोखर थांबत. भिजविलेल्या पट्टीचें टोंक मूल स्वतः सोडवी. रडणें थांबलें नाहीं, पण किंचाळणें थांबलें. वेदनाशामक औषध पट्टीच्या आधीं पुरेशा वेळानें मिळालें कीं नाहीं, हें विचारण्याचें कामही वडिलांनीं आपल्याकडे घेतलें.

आणि आई? तिसऱ्या आठवड्यांत आजीबाई नांदेडास राहावयास आल्या. प्रथम त्यांनींही सूनबाईंस कमी ऐकविलें नव्हतें. एके दिवशीं समाचारास आलेल्या बाईंनीं पुन्हां तोच प्रश्न केला, तेव्हां सूनबाईंच्या आधीं त्याच बोलल्या: “न्हाणीघराजवळ मीही होतें. घरांत नऊ माणसें होतीं. विचारायचें तर मला विचारा.” त्या बाई लवकरच उठून गेल्या. दुसऱ्या दिवशीं सूनबाई पट्टीच्या वेळीं आंत गेल्या व मुलाच्या कपाळावर हात ठेवून उभ्या राहिल्या. हें सर्व आम्हांस आजोबांनीं सांगितलें, आजीबाईंनीं नाहीं.

तेथून पुढें त्या घरानें पाळ्या नीट लावल्या. रात्रीं आई, दिवसां वडील, दुपारीं दोन तास काका, म्हणजे दोघांनाही निजतां येई. इतरांनीं इस्पितळांत गर्दी न करतां डबा, धुणें, कागदपत्रें सांभाळलीं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंत भाजलेल्यांचे उपचार येतात. त्यासाठीं शिधापत्रिका वगैरे घेऊन हिंडणें आईबापांवर पडलें नाहीं.

आहाराचा प्रश्न निघालाच. जखम भरून येण्यास प्रथिनें पुष्कळ लागतात, म्हणून डॉक्टरांनीं अंडें सांगितलें आणि घरांत पेंच पडला. १९०२ सालीं मुंबईंत गांधीजींचे दहा वर्षांचे चिरंजीव मणिलाल विषमज्वरानें अत्यवस्थ होते. पारशी डॉक्टरांनीं अंडीं व कोंबडीचा रस्सा सांगितला असतां गांधीजींनीं तो नाकारून जलोपचार केले व मुलगा बरा झाला, ही हकीकत त्यांच्या आत्मचरित्रांत आहे. वाचावयास ती थोर आहे, परंतु तसा धोका पत्करण्यास आम्ही कोणास सांगणार नाहीं. मात्र त्यांनीं मुलाचेंही मत विचारलें होतें, तेवढें घ्यावें. या घरानें आहारतज्ज्ञांस सरळ विचारलें. दूध, दही, पनीर, मुगाचें धिरडें, शेंगदाण्याचा लाडू यांवर हिशेब बसला. आजीबाईंची आडकाठी नसती तर अंडेंही दिलें असतें, असें काका आमच्या कानांत म्हणाले.

घरीं आलें म्हणजे संपलें, अशी सर्वांची समजूत असते. खरें काम तेथें सुरू होतें. बरी झालेली कातडी आकसते. मुलास गुडघा मुडपून निजावें असें वाटतें, तसेंच निजूं दिलें तर पाय वांकडाच राहतो. म्हणून रात्रीं पट्टा बांधणें आणि दिवसांतून कित्येकदां व्यायाम. दाब देणारें घट्ट वस्त्र स्नान-मालिशखेरीज दिवसरात्र, महिनोन्‌महिने घालावयाचें. खाज अनिवार सुटते. व्रण मऊ पडावयास वर्ष-दोन वर्षें लागतात, आणि मूल वाढतें तशी ती कातडी वाढत नसल्यामुळें पुढें आणखी शस्त्रक्रियाही लागूं शकते. हें डॉक्टरांनीं घरच्यांस स्पष्ट सांगितलें आहे.

आम्ही गेलों तेव्हां मूल अंगणांत होतें. इस्पितळांतून आल्यावर तें पुन्हां अंथरूण भिजवूं लागलें, बोबडें बोलूं लागलें, आई दृष्टीआड झाली कीं रडूं लागलें. आजोबांनीं काळजीनें विचारलें, हें काय? डॉक्टरांच्या मतें अशा मुलांत हें नेहमींचेंच आहे; रागें भरूं नये, कांहीं आठवड्यांत ओसरतें, न ओसरल्यास दाखवावें.

रात्रीं मुक्काम केला. सकाळीं न्हाणीघराशीं गेलों तों दार बाहेरून वरच्या कडीनें लावलेलें होतें. बादलीत अर्धें गार पाणी आधीं ओतून ठेवलें होतें. आमच्या मागून तें मूल ताठ पाय टाकीत आलें, बादलींत डोकावलें आणि आम्हांस बजावलें, “आधीं गार, मग गरम. आजोबांनाहि सांगितलंय.”