खासदारसाहेबांच्या आठवड्याचा हिशेब

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, सालगडी ठेवतांना आपण त्याचें साल ठरवितों, कामें ठरवितों, आणि बुडालेल्या दिवसाचे पैसे कापतों. सुतार-लोहाराची मजुरी देतांना त्याचे दिवस बोटांवर मोजतों. मग ज्याला आपण पांच वर्षांकरितां दिल्लीला धाडतों, त्या खासदारसाहेबांचा आठवडा मात्र फ्लेक्सवरच्या फोटोवरून मोजावा, हें कोठलें शहाणपण ?

खासदाराचीं कामें तीन : संसदेंतलें, परदेशाशीं संबंध असलेलें आणि मतदारसंघांतलें. तिहींचा झाडा घेऊं.

अधिवेशन चालू असलें म्हणजे लोकसभेंत सकाळीं ११ ते १२ हा प्रश्नोत्तराचा तास. तोंडीं उत्तरासाठीं रोज २० प्रश्न निवडतात. त्यांतले थोडेच पुकारले जातात. पण पुकारा झाला कीं मंत्र्याला उभें राहून जबाब द्यावा लागतो, आणि जबाब अपुरा वाटल्यास उलट प्रश्न करतां येतो. दिल्लींत शेतकऱ्याच्या हातीं असलेलें हत्यार तें हेंच. पुढें शून्य प्रहरांत तातडीचीं गाऱ्हाणीं मांडतां येतात. शुक्रवारचे शेवटचे अडीच तास तर सरकारचे नव्हतच. ते साध्या सभासदांचे. त्यांनीं आपलीं विधेयकें त्या वेळीं मांडावीं असा नियम. आजवर अशा १४ विधेयकांचे कायदे झाले, शेवटचा १९७० सालीं. त्यानंतर एकहि नाहीं. शुक्रवारीं दुपारीं बाकें कां ओस पडतात ? कारण साहेबांना विमान गांठावयाचें असतें. शनिवारीं मतदारसंघांत लग्नाची तीथ दाट आहे!

सभागृहहि आतां फारसें भरत नाहीं. पहिली लोकसभा ६७७ दिवस बसली. २०१९ ते २०२४ ची सतरावी लोकसभा बसली २७४ दिवस, म्हणजे वर्षाला ५५. प्राथमिक शाळा वर्षांत निदान २०० दिवस भरली पाहिजे असा २००९ चा कायदा याच संसदेनें आम्हां मास्तरांसाठीं केला आहे. आम्ही ५५ दिवस शाळा भरवून पोरें वर ढकललीं, तर गांव आम्हांस वेशीबाहेर काढील, आणि तें योग्यच होईल. शिवाय पटावर हजेरी पडली म्हणजे पोराला पाढा आला असें आम्ही मानीत नाहीं. लोकसभेंत मात्र वहींत सही केली कीं दिवसाचा २,५०० रुपये भत्ता पडतो. सहीनंतर साहेब बाकावर बसले कीं चहा पीत बसले, तें वही सांगत नाहीं. २३ मार्च २०२३ रोजीं सुमारें ४५ लाख कोटी रुपयांच्या खर्चाच्या मागण्या लोकसभेनें गोंधळांत, चर्चेवांचून मंजूर केल्या. घरांत बैल घ्यावयाचा तर आपण चार जणांना विचारतों, दांत मोजतों. येथें साऱ्या देशाचा खर्च कोणी उघडूनहि पाहिला नाहीं.

याचें फळ कोणाच्या पदरांत पडलें तें कांदेवाल्यांस विचारा. २०२३ चें पावसाळी अधिवेशन ११ ऑगस्टला संपलें. १९ ऑगस्टला, म्हणजे सभागृहाला कुलूप लागून आठ दिवस होतात न होतात तोंच, कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलें. ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. त्या वेळीं हिवाळी अधिवेशन चालू होतें. पण त्याच अधिवेशनांत दोन्ही सभागृहांतील मिळून १४६ खासदार निलंबित होऊन बाहेर बसले. बंदी उठली ती ४ मे २०२४ ला, नाशिक-दिंडोरीच्या मतदानाला १६ दिवस उरले असतां. आणि तीहि ४० टक्के शुल्क लावून. हें शुल्क पुरतें गेलें १ एप्रिल २०२५ ला. हे सारे हुकूम सरकारी कचेरींतून कागदावर निघाले. आधीं चर्चा नाहीं, मतदान नाहीं. चाळींत कांदा सडला आमचा, सोसायटीचें कर्ज थकलें आमचें. आणि त्या सबंध काळांत साहेबांच्या रोजनिशींत उद्घाटनें किती, सत्कार किती!

आतां परदेशचें काम. त्याला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. मे २०२५ मध्यें निरनिराळ्या पक्षांच्या खासदारांचीं सात शिष्टमंडळें देशाची बाजू मांडण्यास परदेशीं गेलीं, त्यांत महाराष्ट्राचेहि खासदार होते. तें काम देशाचें होतें. परंतु परदेशाचा संबंध विमानतळावरच्या हारांपुरता नाहीं, तो आपल्या बांधापर्यंत येतो. जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर १५ एप्रिल १९९४ रोजीं माराकेश येथें सही झाली. अशा सहीला संसदेची आगाऊ मंजुरी आपल्याकडे लागत नाहीं. सरकार सही करतें, मागाहून कायदे होतात. सरकारनें हमीभावानें धान्य विकत घेऊन सांठवावें कीं नाहीं, हा वादहि त्याच करारांतला. २०१३ सालीं बाली येथें त्यावर तात्पुरती मलमपट्टी झाली. कायमचा तोडगा २०२४ च्या अबू धाबी परिषदेंतहि निघाला नाहीं. या सह्यांवर लगाम घालणारा कोणी असेल तर प्रश्न विचारणारा खासदारच. कांद्याची निर्यातबंदी चालू असतांना मार्च २०२४ मध्यें सरकारनें बांगलादेशाला ५०,००० टन व संयुक्त अरब अमिरातीला १४,४०० टन कांदा धाडण्याची परवानगी दिली, तीहि एकाच सहकारी निर्यात संस्थेमार्फत. शेजाऱ्यांशीं सलोखा राखावा, हें खरें. पण सलोखा दिल्लीचा आणि तोटा लासलगांवचा, हा कोणता न्याय ?

राहिलें मतदारसंघांतलें काम. येथें दोष साहेबांपेक्षां आपलाच अधिक. आपणच त्यांना लग्नांचा पाहुणा करून ठेवलें आहे. जोशीबुवांच्या मुहूर्ताचें जोखड आपल्या वाडवडिलांनीं मानेवरून उतरविलें, तें साहेबांच्या गाडीची वाट पाहत मांडवांत नवरानवरी उभीं करण्यासाठीं काय ? साहेब आल्याशिवाय अक्षता पडत नाहींत; साहेब येतात, आशीर्वादाचें भाषण करतात, आणि धुरळा उडवून दुसऱ्या मांडवाकडे जातात. आपण धन्य होतों ! खासदार निधीचे वर्षाला पांच कोटी असतात, त्यांतून एक सभामंडप, एक दिवा मिळाला कीं आपण पांच वर्षांची पावती फाडून देतों. सभामंडप पंचायतीलाहि बांधतां येतो. निर्यातीवरचा कर पंचायतीला काढतां येत नाहीं. विणकराच्या सुतावर व लोहाराच्या लोखंडावर किती कर असावा, हेंहि आपल्या चावडीवर ठरत नाहीं. जें काम दिल्लीवांचून होत नाहीं, त्यासाठींच दिल्लीला माणूस धाडावयाचा असतो.

कोणी म्हणेल, आमचे साहेब साधे, त्यांना इंग्रजी येत नाहीं. ही सबब फोल आहे. ज्याला हिंदी वा इंग्रजी साधत नाहीं त्यानें अध्यक्षांच्या परवानगीनें मातृभाषेंत बोलावें असें राज्यघटनेचें १२० वें कलम सांगतें. १९५७ सालीं साताऱ्याहून व १९६७ सालीं बीडहून निवडून गेलेले क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेंत मराठींतच बोलले. अडचण भाषेची नाहीं, बोलावयास कांहीं असण्याची आहे.

कोणी म्हणेल, मतपेटी आहेच कीं. आहे खरी. २०२४ सालीं दिंडोरीच्या मतदारांनीं केंद्रांतल्या राज्यमंत्र्यांस घरीं बसविलें. पण पेटी पांच वर्षांनीं उघडते, आणि कांदा पांच महिन्यांत सडतो.

सबब आमचें सांगणें इतकेंच. प्रत्येक अधिवेशन संपल्यावर ग्रामसभेनें ठराव करून साहेबांस बोलवावें. हार नको, फेटा नको, समोर एक वही असावी. किती दिवस हजर होतां ? कोणते प्रश्न विचारले, काय उत्तर मिळालें ? परदेशाशीं झालेल्या कोणत्या सौद्यांत आमच्या मालाविषयीं बोललां ? विचारलेले प्रश्न व मिळालेलीं उत्तरें सरकार स्वतःच प्रसिद्ध करतें; सातवी शिकलेलें पोरगेंहि त्यांत साहेबांचें नांव शोधून काढील. वहींत नोंद असली तर साहेबांचा खुशाल सत्कार करा, आम्ही पहिली टाळी देऊं. आणि नोंद नसली, तर मग ते कोणत्या पक्षाचे, कोणत्या जातीचे, कोणाचे मेहुणे, हें न पाहतां भर सभेंत विचारा.

ज्याला लग्नाचें आमंत्रण धाडतां, त्याला या वेळीं हिशेबाचें आमंत्रण धाडा.