माल सारखा, मग भाव वेगळा कसा मिळणार?



ब्राह्मणपुरी आणि शहादा तालुक्याच्या शिवारात पपईची तोडणी सुरू झाली की दराचा वादही सुरू होतो. व्यापारी एक दर बोलतो, शेतकरी दुसरा. बाजार समितीत बैठक बसते, दर ठरतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा मोडतो. गेल्या काही वर्षांत हे अनेकदा घडले आहे. व्यापाऱ्यावर राग काढणे सोपे आहे. परंतु दर ठरवण्याची ताकद त्याच्याच हातात का राहते, याचाही विचार करावयास हवा.

आपल्याकडील बऱ्याचशा बागा तैवान ७८६ या एकाच वाणाच्या. तोडणी बहुधा व्यापाऱ्याची माणसे करतात, फळ कागदात गुंडाळतात आणि गाडी उत्तर भारताकडे निघते. एकदा गाडी भरली की तुमची पपई कोणती व शेजारच्याची कोणती, हे तुम्हालाही सांगता येणार नाही. मग दिल्लीच्या गिऱ्हाइकाला कसे कळणार? झाडावर फळ नीट तयार होऊ देणारा आणि कोवळे फळ उतरवू देणारा, दोघांना दर एकच! नंदुरबारच्या मिरचीचेही तेच. ओली लाल मिरची बाजार समितीत विकली जाते, व्यापाऱ्यांच्या पथारीवर वाळते, पुढे तिची पूड होते. पाकिटावर नाव येते ते कंपनीचे.

यावर उपाय म्हणून काहीजण खोक्यावर मुलाचे किंवा देवाचे नाव छापून घेतात. तेवढ्याने भागत नाही. मालाची ओळख तीन गोष्टींवर उभी राहते: फरक खरा असावा, दर खेपेला तोच असावा आणि गिऱ्हाइकाला तो पडताळता यावा.

शेजारच्या जळगावचे उदाहरण घ्या. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२१ च्या जून महिन्यात तांदलवाडी गावच्या शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला गेली. केळी तर आपणही पिकवतो. पण निर्यातीच्या केळीला घडाची निगा, फण्यांची धुलाई, प्रतवारी व खोक्यातील भरणी ही सर्व कामे ठरल्याप्रमाणे करावी लागतात, आणि तीही एकट्याने नाही, अनेकांनी मिळून.

दुसरे उदाहरण हापूसचे. कोकणच्या पाच जिल्ह्यांतील हापूसला २०१८ साली मानांकन मिळाले. तरीही परराज्यातील आंबा देवगडच्या नावाने विकला जातच राहिला. शेवटी देवगडच्या उत्पादक संस्थेने २०२५ च्या हंगामात फळावर सांकेतिक क्रमांकाचे स्टिकर लावण्यास सुरुवात केली. नाव जितके मोठे, तितकी नक्कल अधिक. म्हणून नावासोबत पुरावा लागतो.

आपल्याच जिल्ह्यातील नवापूरच्या तूरडाळीलाही २०१६ पासून मानांकन आहे. मात्र कागद मिळाला म्हणून भाव आपोआप चढत नाही. मानांकनाचे नाव अधिकृतपणे वापरायचे तर प्रत्येक उत्पादकाने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. ती केली नाही तर तूर गोणीत भरून इतर तुरीसारखीच जाते.

आणि एक इशारा. २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट या संजीवकाचा अंश सापडला आणि माल अडकला. ज्यांनी ते वापरले नव्हते त्यांनाही झळ बसली. नाव सामाईक असले की एकाची चूक सर्वांच्या अंगावर येते.

तर मग ब्राह्मणपुरीत काय करता येईल? दहा-पंधरा बागाईतदारांनी एक गट करावा. पपईवर पिवळसर छटा आल्याशिवाय फळ उतरवायचे नाही, असा नियम ठरवावा. तोडणी गटाच्या माणसांकडून करावी. वजनाप्रमाणे दोन-तीन प्रती पाडाव्यात. खोक्यावर गाव, शेतकऱ्याचा क्रमांक व तोडणीची तारीख टाकावी. फवारणीची वही रोजच्या रोज लिहावी. तक्रार आली तर माल कोणाचा हे लगेच सापडले पाहिजे, आणि नियम मोडणाऱ्याचा माल त्या खोक्यात भरू नये, मग तो घरचा का असेना.

यात खर्च आहे, हे लपवून चालणार नाही. खोकी, मजुरी, निवड यांचे पैसे आधी जातात. सगळा माल पहिल्या प्रतीचा निघत नाही. उरलेला नेहमीच्याच दराने द्यावा लागेल. म्हणून पहिल्या वर्षी सगळी बाग यात घालू नका. एकरभर माल घ्या, सुरत-नाशिकसारख्या जवळच्या शहरातील एक-दोन दुकानदार धरा आणि दोन्हीकडचा हिशेब मांडून पाहा.

गावच्या अधिकारी मंडळींनाही विनंती आहे. सातबाऱ्यावर पिकाची नोंद चुकीची असेल, तर माल आपल्याच शेतातला हे शेतकरी सिद्ध कसे करणार? २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आहे. ती वेळेत व खरी व्हावी. सरपंचांनी प्रतवारीसाठी सावलीची, पाण्याची जागा मिळवून दिली तरी मोठे काम होईल.

गिऱ्हाईक एकदा नाव पाहून घेते, दुसऱ्यांदा चव पाहून. ते दुसऱ्यांदा तुमचेच खोके मागू लागले, की व्यापाऱ्याशी दराची बोलणी करताना तुमचाही शब्द मोजला जाईल.