बंडखोर नभोवाणी आणि विश्वासाची पुंजी

हुकूमशाही केवळ संगिनींवर उभी नसते. बातमीच्या मक्तेदारीवरही ती तितकीच विसंबून असते. फिलिपाइन्समध्ये फर्डिनांड मार्कोस यांनी १९७२ साली लष्करी कायदा पुकारला, तेव्हा वृत्तपत्रांना व नभोवाणी केंद्रांना टाळी ठोकण्यात आली, ती याचसाठी. ही मक्तेदारी फेब्रुवारी १९८६ मध्ये मोडून पडली, त्यात जून किथली या निवेदिकेचा वाटा मोठा होता.

७ फेब्रुवारीच्या निवडणुकीतील लबाडीने जनमत प्रक्षुब्ध झालेच होते. २२ तारखेला संरक्षणमंत्री एन्रिले आणि जनरल रामोस यांनी मार्कोस यांची साथ सोडली. कार्डिनल सिन यांनी चर्चच्या ‘रेडिओ व्हेरितास’वरून हाक देताच मनिलाचे नागरिक ‘एडसा’ या हमरस्त्यावर लोटले. दुसऱ्या दिवशी सरकारी सैनिकांनी त्या केंद्राचे मुख्य प्रक्षेपणयंत्र उद्ध्वस्त केले. परंतु श्रीमती किथली यांनी दुसरे केंद्र गाठले, त्याला ‘रेडिओ बंदिदो’ म्हणजे दरोडेखोर नभोवाणी असे नाव दिले आणि मोजक्या साथीदारांसह रात्रभर प्रक्षेपण चालू ठेवले. फौजा कोठे निघाल्या, माणसे कोठे हवीत, हे निःशस्त्र जमावाला त्या एका आवाजातून कळत होते.

मात्र २४ तारखेच्या सकाळी मार्कोस पळाल्याचे वृत्त याच आवाजाने दिले आणि ते खोटे ठरले. लोक जल्लोषात असतानाच मार्कोस दूरचित्रवाणीवर प्रकटले. त्याच सकाळी सरकारी दूरचित्रवाणी केंद्र बंडखोरांच्या हाती आले आणि दुसऱ्या रात्री मार्कोस खरोखरच देशाबाहेर गेले, म्हणून ती चूक निभावली. जमाव विजयाच्या भरात घरी परतला असता, तर छावण्यांचे रक्षण कोणी केले असते?

या प्रसंगाने श्रीमती किथली यांचे धैर्य उणे ठरत नाही. अध्यक्षा कोराझोन अक्विनो यांनी त्यांचा राष्ट्रीय सन्मान केला, तो यथार्थच होता. पण ज्या विश्वासामुळे लोक रणगाड्यांपुढे उभे राहिले, त्याच विश्वासामुळे खोटी बातमीही क्षणात खरी मानली गेली, हे विसरून चालणार नाही. विश्वास ही पुंजी आहे. ती साठवायला वर्षे लागतात, उधळायला एक वाक्य पुरते.

श्रीमती किथली २०१३ मध्ये निवर्तल्या. २०२२ मध्ये मार्कोस यांचे पुत्र अध्यक्षपदी निवडून आले. तत्पूर्वी समाजमाध्यमांतून लष्करी कायद्याचा काळ सुवर्णयुग म्हणून रंगविला गेला होता. १९८६ मध्ये टंचाई स्वतंत्र आवाजाची होती. आज आवाज उदंड आहेत. टंचाई आहे ती शहानिशेची. ती भरून काढण्याचे काम कोणत्याही प्रक्षेपणयंत्रावर सोपविता येणार नाही. ते ऐकणाऱ्यालाच करावे लागेल.