नडगी दुखते? ‘सवय नाही’ म्हणून सोडून देऊ नका

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. सेकंदांवर गुण ठरतात. म्हणून जाहिरात आली रे आली की गावोगावची मुले पहाटे डांबरी रस्त्यावर पळायला लागतात. दोन-तीन आठवड्यांत अनेकांची नडगी दुखू लागते. मग ठरलेला सल्ला मिळतो, "सवय नाही म्हणून दुखतंय. पळत राहा, मोकळं होईल."

माझ्या मते हा सल्ला धोक्याचा आहे. नडगीचे प्रत्येक दुखणे सारखे नसते आणि दुखणे ओळखल्याशिवाय उपचार ठरत नाही.

मुळात असे का होते? धावायला लागल्यावर दम लवकर वाढतो, स्नायूही लवकर तयार होतात. हाड मात्र मागे राहते. ताण पडला की शरीर हाडाचा जुना भाग आधी झिजवते आणि मग नवा भरते. त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे हाड उलट नाजूक असते. नेमके तेव्हाच आपण अंतर वाढवतो.

आता दुखणे ओळखायचे कसे? स्वतःला दोन प्रश्न विचारा. नेमके कुठे दुखते? आणि केव्हा दुखते?

नडगीच्या आतल्या कडेला, चार-पाच बोटे किंवा त्याहून लांब पट्ट्यात दुखत असेल, पळायला सुरुवात केल्यावर दुखून अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर बहुधा ते ‘शिन स्प्लिंट’ असते. यात धावणे कमी करावे, बर्फाने शेकावे, दम टिकवण्यासाठी सायकल किंवा पोहणे चालू ठेवावे. पोटरीचे व्यायाम करावेत, झिजलेले बूट बदलावेत.

एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, दाबल्यावर कळ येत असेल, चालताना किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेली असण्याची शंका घ्यावी. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. इथे धावणे लगेच थांबवून डॉक्टरांकडे जावे. पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेमध्ये ही चीर बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे, पळ’ हे म्हणणे बरोबर नाही. हाड भरायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, कधी जास्तही. मुलींची पाळी अनियमित झाली असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. कमी खाणे आणि कमजोर हाड यांचा त्याच्याशी संबंध असतो.

तिसरा प्रकार म्हणजे कंपार्टमेंट सिंड्रोम. ठरावीक अंतर पळाले की पोटरी किंवा नडगीचा बाहेरचा भाग दगडासारखा घट्ट होतो, पाऊल बधिर पडते आणि थांबल्यावर थोड्या वेळात सगळे ठीक होते. पळण्याआधी आणि पळाल्यानंतर स्नायूंमधला दाब मोजून याचे निदान करतात. धावण्याची पद्धत बदलून काहींना फरक पडतो, काहींना शस्त्रक्रिया लागते. पण थांबूनही घट्टपणा आणि वेदना वाढतच गेल्या, तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

वेदनेची गोळी खाऊन राउंड मारणे हा उपाय नव्हे. गोळीने दुखणे दबते, चीर मात्र वाढत जाते. आज तीन आठवडे थांबायला नको म्हणणारा मुलगा पुढे तीन महिने घरी बसतो.

म्हणून मुलांना पळायला लावणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने आणि प्रशिक्षकाने रोज सरावाआधी एवढे तरी विचारावे, "कोणाचं काय दुखतंय? बोट ठेवून दाखव." तयारी जाहिरातीची वाट न बघता सुरू करावी, शक्यतो मातीवर पळावे, अंतर हळूहळू वाढवावे. जाहिरातीची तारीख सरकार ठरवते. हाड आपल्याच वेळेने घट्ट होते.