आधी सिग्नल, मग गाडी!

कर्जतहून खोपोली लोकल पकडता ना? मग ठाऊकच असेल, मार्ग एकेरी. समोरची गाडी त्या तुकड्यात असेल तर आपली सुटत नाही. चिडचिड होते, पण बरोबरच आहे.

चिपमध्येही असंच. आय-टू-सी बस म्हणजे दोनच तारा, बोलणारे अनेक. इंटेलची २०१३ची ‘बे ट्रेल’ चिप घ्या. तिच्या काही टॅब्लेटमध्ये वीजपुरवठा सांभाळणाऱ्या चिपशी मुख्य प्रोसेसर आणि छोटं ‘पी-युनिट’ एकाच बसवरून बोलतात. म्हणून लिनक्सचा ड्रायव्हर आधी सेमाफोर मागतो (हा शब्दही रेल्वे सिग्नलचाच!), मिळाला की बोलतो, काम झालं की परत देतो. दोघं एकदम घुसले तर मशीन हँग होऊ शकतं.

आता तुमचं प्रोजेक्ट आठवा. दोन कंट्रोलर, एक सेन्सर, रीडिंग चुकतंय. मग काय, डिले वाढवा! डेमोला चाललं की खूश. मी मास कॉमची, तरी स्पष्ट सांगते: हा उपाय नाही, नशीब आहे. टक्कर टळत नाही, फक्त क्वचित होते. आणि क्वचित होणारी चूक शोधणं सगळ्यात अवघड.

तेव्हा लॉक घ्या. एरर आली तरी सोडायला विसरू नका. नाहीतर दुसरा प्रोसेसर पळसदरीला ताटकळत बसेल!