सप्ताहातला मिक्सर : कोणते बटण कशाचे?

मंडळी, सुगी आटोपली की गावोगावी अखंड हरिनाम सप्ताहाचे मांडव पडू लागतात. पूर्वी एक माईक, एक मशीन आणि लिंबाला टांगलेले दोन कर्णे एवढ्यावर भागत असे. आता पुष्कळ गावांनी वर्गणी काढून आठ किंवा बारा चॅनेलचा मिक्सर घेतला आहे. (स्वयंपाकघरातला नव्हे बरे का, बायांनो. तो चटणी वाटतो, हा आवाज वाटतो!)

मिक्सर आला, पण चालवायला कोण? तर मंडपवाल्याचा पोरगा, नाही तर गावात ज्याला मोबाईल दुरुस्त करता येतो तो. मग होते असे की महाराज घसा ताणतात, पखवाज दणादणा वाजतो आणि मागे बसलेल्या बायाबापड्यांना अभंगाचा चरण काही उमजत नाही. मध्येच कूऽऽ करून शिट्टी होते आणि सारा मांडव त्या पोराकडे वळून बघतो. त्याचा दोष नाही. त्याला कोणी काही सांगितलेलेच नसते. म्हणून या वेळचे सदर त्याच्यासाठी आणि सप्ताह कमिटीतल्या जाणत्यांसाठी.

मिक्सरवर शंभरभर बटणे दिसतात म्हणून घाबरू नका. उभी एक पट्टी म्हणजे एक चॅनेल, म्हणजे एक माईक. एक पट्टी समजली की बाकीच्या तशाच. प्रत्येक पट्टीखाली कागदी चिकटपट्टी लावून त्यावर 'महाराज', 'पेटी', 'पखवाज' असे लिहून ठेवा. अंधारात, घाईत त्याचाच उपयोग होतो.

पट्टीत आवाज वरून शिरतो आणि खाली उतरतो. विहिरीवरून पाटाला आणि पाटातून वाफ्याला पाणी जावे, तसे. सगळ्यात वरचे फिरते बटण म्हणजे गेन. हे उगमावरचे दार. माईकमधून येणारी वीज अगदी क्षीण, व्होल्टच्या हजाराव्या भागात मोजण्याइतकी असते. तिला कामाजोगी मोठी करणे हे गेनचे काम. तळाशी जो सरकता दांडा असतो तो फेडर, म्हणजे वाफ्याचे दारे. आता ध्यानात घ्या, उगमाला गढूळ झालेले पाणी दारे अडवून निवळत नाही. गेन जास्त झाला की आवाज तिथेच फाटतो. मग फेडर खाली घेतला तर फाटलेलाच आवाज हळू ऐकू येतो, इतकेच. आणि गेन फार कमी ठेवला, तर पुढे सगळे चढवावे लागते आणि आवाजाबरोबर सळसळही चढते.

तेव्हा गेन असा लावा. फेडर तळाला, गेन सगळ्यात कमी, बेस-ट्रेबलची बटणे मधोमध. त्या चॅनेलचे पी.एफ.एल. नावाचे बटण असेल तर दाबा. त्याने फेडर बंद असतानाही त्या माईकचा आवाज हेडफोनमध्ये येतो आणि दिव्यांवर दिसतो. आता महाराजांना गायला सांगा. 'हॅलो, हॅलो, वन टू थ्री' उपयोगाचे नाही. ते माणूस हळू आवाजात म्हणतो, आणि कीर्तन रंगल्यावर टीपेला चढतो तो आवाज निराळाच असतो. अभंगाची वरची पट्टी लावायला सांगा आणि गेन सावकाश वाढवा. हिरवे दिवे नाचावेत, मोठ्या ताणेला पिवळा चमकावा. लाल लागला की थोडे मागे फिरवा. मग फेडर शून्याच्या खुणेपर्यंत आणा. मांडवात आवाज किती हवा ते पुढे मुख्य फेडरने ठरवा. कीर्तन सुरू झाल्यावर गेनला शक्यतो हात लावू नये. गेन हलवला की त्या चॅनेलचे पुढचे सगळेच हलते.

गेनजवळ लो-कट नावाचे छोटे बटण असते. साधारण ७५ ते १०० हर्ट्झच्या खालची घरघर ते कापते. महाराजांच्या माईकला ते दाबून ठेवा. वाऱ्याचा फरफराट आणि फळीवर पाय आपटल्याचा धबधब जातो, बोलण्याचे काही बिघडत नाही. मात्र पखवाजाच्या डाव्या अंगाच्या माईकला दाबू नका. कणीक लावून जो खर्ज तयार केला, तोच कापला जाईल.

४८ व्होल्ट असे लिहिलेले बटण कंडेन्सर माईकला वीज पुरवते. हातात धरायच्या साध्या डायनॅमिक माईकला ती लागत नाही. ते दाबताना आधी फेडर खाली घ्या, नाही तर धाडकन आवाज येतो.

खाली बेस, मधला आणि ट्रेबल अशी तीन बटणे. आपल्याकडे सवय अशी की तिन्ही उजवीकडे पिळायची. मला विचाराल तर आधी कमी करून बघावे. आवाज कोंदट वाटला तर बेस थोडा उतरवा. शब्दाची धार म्हणजे क, च, त, स ही व्यंजने साधारण २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात असतात. शब्द कळत नसेल तर मधले बटण त्या पट्ट्यावर काम करते का ते पाहा, आणि करत असेल तर किंचित वाढवा. महाराजांच्या मागे टाळकरी उभे असतात आणि टाळांचा खणखणाट त्यांच्याच माईकमध्ये शिरतो. त्या वेळी ट्रेबल वाढवला तर शब्दाऐवजी टाळच मोठे होतात.

मग येतो ऑक्स. हा बाजूला काढलेला दुसरा पाट. याने महाराजांच्या पुढ्यातल्या मॉनिटर स्पीकरला आवाज जातो. हा पाट कोरडा ठेवू नका. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस ओरडतो, आणि हंगामात रोज नव्या गावी उभ्या राहणाऱ्या कीर्तनकाराचा घसा अशानेच बसतो. मॉनिटरचा ऑक्स 'प्री' ठेवा, म्हणजे फेडर हलला तरी मॉनिटर तसाच राहतो. एकोचा ऑक्स 'पोस्ट' असतो. एको चवीपुरता. निरूपणाला तो नसलेलाच बरा.

पॅनचे बटण मधोमध ठेवा आणि विसरून जा. नाही तर पेटी डाव्या बाजूच्या बायकांना आणि पखवाज उजव्या बाजूच्या गड्यांना, अशी वाटणी व्हायची.

आता ती शिट्टी. स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा स्पीकरला जातो आणि हे चक्र धरले की कूऽऽ होते. स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला हवेत. मॉनिटर माईकच्या पाठीकडे हवा. माईकची जाळी मुठीत झाकू नका. माईक वीतभर दूर असेल तर तो चार बोटांवर आणा. बटण न हलवता त्याला मिळणारा आवाज दुपटीहून वाढतो. ज्या माईकपुढे कोणी नाही तो म्यूट करा, कारण उघडा माईक जितका जास्त, तितकी शिट्टी जवळ. शिट्टी झालीच तर ज्या माईकची आहे त्याचा फेडर थोडा उतरवा. सगळेच एकदम बंद करू नका.

दोन गोष्टी बटणांपलीकडच्या. माईकला ओठ लागून मुंग्या आल्या किंवा चटका बसला तर कीर्तन तिथेच थांबवा आणि मेन स्विच पाडा. ते अर्थिंग बिघडल्याचे लक्षण आहे. पिनचा तिसरा पाय कापून काम चालवणारे कारागीर अजून भेटतात. ओल्या जमिनीवर त्यात जीव जातो. मिक्सर आणि मशीन एकाच बोर्डावरून घ्या, आणि मांडवाच्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. वायरमनकडून बसवून घ्या.

दुसरी गोष्ट वेळेची. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. वर्षातले फार तर १५ दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, तीही जाहीर करून. पहाटे चारचा काकडा यात बसत नाही. तो बिनमाईकचाच म्हणावा. टाळ-मृदंगाला त्या वेळी माईक लागतोच कुठे, आणि शेजारी परीक्षेची पोरे व आजारी माणसेही झोपलेली असतात.

सुरू करताना आधी मिक्सर, शेवटी मशीन. बंद करताना उलटे, आधी मशीन, मग मिक्सर. हा क्रम चुकला की धाडकन होणाऱ्या आवाजाने स्पीकरचा पडदा फाटू शकतो. रात्री कीर्तन सुटल्यावर वायरी कोपरावर पिळून गुंडाळू नका, सैल वेटोळी करा, आणि मिक्सरवर जुने धोतर टाका. मांडवातला बुक्का आणि धूळ फेडरच्या खाचेत गेली, की पुढच्या सप्ताहाला तो दांडा खरखरायला लागतो.