सोसणे आणि तग धरणे

‘संसार म्हटला की भांड्याला भांडे लागायचेच,’ असे आपण सहज बोलून जातो. या वाक्याआड अनेकदा मारहाण लपते, असे माझे मत आहे. भांडणाला दोन कर्ते लागतात. मारण्याला एकच पुरतो.

समाजकार्यकर्ती प्रथम हा कर्ता शोधते. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईत पोलिसांच्या आवारातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तक्रारीसोबत आधारही तेथेच मिळावा, हा त्यामागचा विचार. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने शारीरिक व लैंगिक छळाबरोबरच शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळालाही नाव दिले. मुलगा झाला नाही म्हणून टोमणे मारणे, घरखर्चाचे पैसे अडवणे हीदेखील हिंसाच होय.

‘सोशिक’ हे विशेषण आपण गौरवाने लावतो. परंतु सोसणे म्हणजे तग धरणे नव्हे. शेजारणीकडे कागदपत्रे ठेवणारी, मुलांची शाळा सुटू न देणारी, एका तरी विश्वासू व्यक्तीला खरे सांगणारी स्त्री तग धरत असते. तिला कौतुकाआधी आधार हवा. यापुढे ‘त्यांच्यात भांडणे होतात’ असे कानी आले, तर स्वतःला विचारा: यातला कर्ता कोण?